लोणारचा गाळ आणि हुकलेलं बारसं

पहिला दिवस : शुक्रवार, ११ जानेवारी २०१९

पहाटे पाचला पुणं सोडलं. गाडीत चार माणसं: सर, मी, पहिल्या वर्षाची ज्युनिअर आणि ड्रायव्हर काका. शिवाय दोन आइसबॉक्स, निर्जंतुक बाटल्यांची पेटी, गमबूट आणि एक फावडं. काकांनी फावडं बघून विचारलं, "मॅडम, झाडं लावायला चाललोय का?" चिखल आणायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण नगर येईपर्यंत आरशातून दोनदा माझ्याकडे बघून घेतलं.

लोणारच्या गाळातून नवा जीवाणू शोधायचा, एवढं साधं उद्दिष्ट. माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं आणि हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. एखादी नवी प्रजाती मिळाली, तर शोधप्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील, असा माझा हिशेब. सरांचा हिशेब वेगळा असावा. ते काही बोलले नाहीत.

औरंगाबादला (तेव्हा हेच नाव होतं) जेवलो. जालन्याच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी चालायला लागली. दुसऱ्या दिवशी १२ जानेवारी, जिजाऊंची जयंती, आणि आमचा रस्ता सिंदखेडराजावरून. भगवे झेंडे लावलेल्या जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्याला फेटा बांधलेल्या पोरी. आमच्या आइसबॉक्समधल्या जेलच्या लाद्या वितळायला लागल्या, तेव्हा सरांनी काकांना एका रसवंतीपाशी थांबवून बर्फ मागितला. रसवंतीवाल्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला, जयंती आहे.

लोणारला पोचायला रात्रीचे साडेआठ. अंधारात विवर दिसलं नाही. लॉजच्या गच्चीवरून एका बाजूला फक्त दिवे नसलेली मोठी गोल जागा जाणवत होती. सामान लावताना माझ्या लक्षात आलं की पीएच मीटरसोबत (पाणी किती आम्ल, किती अल्क, ते मोजणारं यंत्र) ४ आणि ७ची बफरं, म्हणजे मीटर जुळवून घ्यायची द्रावणं, आणली आहेत, १०चं नाही. लोणारचं पाणी साडेनऊ-दहाच्या पुढचं असतं, तिथे नेमकं तेच हवं. बाटली लॅबच्या सिंकशेजारी ठेवलेली मला डोळ्यांसमोर दिसत होती. सरांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

दुसरा दिवस : शनिवार

सकाळी काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं, आपण कशात उतरणार आहोत. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीची वाटी, तळाशी हिरवट तळं, भोवती झाडीचं कडं. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं एवढं नीट टिकलेलं विवर जगात विरळाच. पूर्वी हे ज्वालामुखीचं तोंड समजलं जायचं. १९७० च्या दशकात इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. हा काचेसारखा पदार्थ प्रचंड आघाताच्या दाबाशिवाय तयार होत नाही, आणि वाद तिथे बराचसा मिटला. वयाचा वाद मात्र चालूच आहे. एका पद्धतीने ५० हजार वर्षांच्या आसपास, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाख. गावातल्या लोकांना दोन्ही आकडे मान्य नाहीत. त्यांच्या लेखी विष्णूने लवणासुराला इथे गाडलं, आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याची साक्ष आहे. पाणी खारट का, याचंही उत्तर त्या गोष्टीत आपोआप मिळतं: त्या असुराचं रक्त.

आमचं उत्तर कमी रंगतदार आहे. तळ्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. काळा कातळ झिजत राहतो, त्यातले क्षार पाण्याबरोबर खाली येतात, ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार ठेवून जातं. कॅल्शियम गाळात बसतं, सोडियम पाण्यात राहतं. हजारो वर्षांनी उरतो तो धुण्याचा सोडा. 'ऐन-ए-अकबरी'त या भागाच्या वर्णनात काच आणि साबण करायला लागणारी सामग्री इथे मिळते, अशी नोंद आहे. म्हणजे अकबराच्या अंमलदारांनाही या तळ्याचं रसायनशास्त्र हिशेबापुरतं ठाऊक होतं.

हे अभयारण्य असल्याने वनविभागाची परवानगी आधीच काढलेली होती. सोबत एक वनरक्षक दादा होते. धारेपासून खाली उतरलो. धार म्हणजे काठावरचा बारमाही झरा, गोड्या पाण्याचा. तिथे बाया आंघोळी करत होत्या, तांब्या भरून नेत होत्या. तेच पाणी खाली वाहत जाऊन तळ्याला मिळतं.

माझी खरी जागा तिथे होती. झरा जिथे तळ्यात शिरतो तिथून आत आत जात मी दर पाच पावलांवर पीएचचा कागद बुडवत गेले. मीटरवर विश्वास नव्हताच. पहिली पट्टी पिवळट हिरवी, साडेसात. पुढची गडद हिरवी. मग निळसर. सातव्या ठिकाणी गर्द निळी झाली आणि तिथून पुढे सगळ्या निळ्याच. तीस-चाळीस पावलांत पिण्याच्या पाण्यापासून साबणाच्या पाण्यापर्यंत. बोटं बुडवली तर खरंच बुळबुळीत लागतात, कारण तुमच्याच कातडीवरच्या तेलाचा थोडा साबण होत असतो. गोड्या पाण्यातले जीव दहा पावलं इकडे येऊन तगत नाहीत आणि तळ्यातले तिकडे जाऊन तगत नाहीत. हातभर अंतरावर दोन मुलुख, मध्ये ना कुंपण ना पाटी.

आणि वास. कुजक्या अंड्यांचा, हायड्रोजन सल्फाइडचा. गाळाला फावडं लावलं की वरचा हिरवा थर बाजूला होतो आणि खालून शाईसारखा काळा चिखल वर येतो. त्यासोबत वासाचा असा भपका, की ज्युनिअर दोन पावलं मागे सरली आणि तिचा उजवा गमबूट जागेवरच राहिला. ती एका पायावर, मोज्यात, दोन्ही हात पसरून. वनरक्षक दादांनी काठीने तो बूट उपसून दिला. "मॅडम, तुमाले काय भेटते ह्या चिखलात?" त्यांनी विचारलं. जीव शोधतोय, म्हटलं. "पहिले लोक खार काढत इथून. पापडी म्हणत, दल्ला म्हणत. आता जीव काढून राह्यले." त्यांनी हे थट्टेने म्हटलं नव्हतं.

कमळजा देवीच्या देवळापर्यंत काठाकाठाने गेलो. तिथे सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. सासू कोणती, यावर मतभेद आहेत. दुपारपर्यंत सात ठिकाणांचे पाण्याचे आणि नऊ ठिकाणांचे गाळाचे नमुने झाले. प्रत्येक नळीवर ठिकाण, वेळ, तापमान, पीएच. पेन्सिलने लिहायचं, कारण मार्करची शाई स्पिरिटच्या एका थेंबाने उडते. हे पहिल्या वर्षी रडून शिकले होते.

रात्री लॉजवर भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. जेवताना सर खुलले. म्हणाले, या तळ्यातल्या जीवाणूंची बारशी आधीही झाली आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या गटाने इथल्या पाण्यातून काढलेल्या एका जीवाणूची २०१० मध्ये नवी जात (जीनस, म्हणजे प्रजातीच्या वरची पायरी) केली, 'इंडीबॅक्टर अल्कलीफिलस'. दोन वर्षांनी आणखी एक, 'सेसेंबिया लोनारेन्सिस'. "सेसेंबिया म्हणजे काय?" ज्युनिअरने विचारलं. लॅटिनमध्ये काही नाही. सी-सी-एम-बी भरभर म्हणून बघ. तिने दोनदा म्हटलं आणि हसत सुटली.

मग गाडी फुग्यावर गेली. २००५ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले. त्यातून तीन नवे जीवाणू निघाले. एकाला इस्रोचं नाव, एकाला आर्यभटाचं, एकाला फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाचं. नाव कुणाचंही देता येतं, फक्त स्वतःचं नाव स्वतः देऊ नये असा संकेत आहे. मी मनातल्या मनात माझ्या न सापडलेल्या जीवाणूला आजोळच्या गावाचं नाव देऊन टाकलं. शेवटी 'एन्सिस' (लॅटिनमध्ये 'त्या ठिकाणचा') लावलं की झालं.

तिसरा दिवस : रविवार

सकाळी अंबर तळ्याकडे गेलो, मुख्य विवराजवळचं छोटं विवर, आणि मोठ्या मारुतीचं दर्शन घेतलं. तिथे नमुन्यासारखं काही नव्हतं. परत खाली उतरून कालच्या तीन जागांचा गाळ पुन्हा घेतला. एका दिवसाचा नमुना म्हणजे एका ग्राहकाचं मत, असं सर म्हणतात. वानरांनी ज्युनिअरचं बिस्किटांचं पाकीट नेलं. बाकी दिवस ओझी वाहण्यात गेला. उतरताना दीडशे मीटर कळत नाहीत. दोन भरलेले आइसबॉक्स घेऊन चढताना प्रत्येक मीटर कळतो.

चौथा दिवस : सोमवार

परतीचा प्रवास. संक्रांत तोंडावर, म्हणून लॉजवाल्या मावशींनी तिळाच्या वड्या बांधून दिल्या. रात्री अकराला लॅब उघडून नमुने चार अंशांच्या कपाटात ठेवले. सिंकशेजारी पीएच १०चं बफर होतंच. जिथे सोडलं होतं तिथेच.

सहावा दिवस

लोक समजतात इथे प्रवास संपला. आमचा इथून सुरू होतो, म्हणून दिवस मोजणं मी थांबवलं नाही.

नमुना दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत जायचा आणि प्लेटवर पसरायचा. त्यासाठी आगर हवं, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली, तेही दहा पीएचचं. मी घाईत सगळं एकाच फ्लास्कमध्ये घातलं: ग्लुकोज, पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, सोडा, आगर. ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा प्रेशर कुकर, लावला. बाहेर काढलं तेव्हा काकवीसारखा तपकिरी द्रव, आणि रात्रभर ठेवूनही तो जमला नाही. सोड्यात शिजवलं की साखर जळते आणि आगर मोडतं. सोडा वेगळा निर्जंतुक करून, हाताला सोसेल इतपत निवाल्यावर, ओतायच्या क्षणी मिसळायचा असतो. पाठ होतं. तरी.

दहावा दिवस

दुसऱ्या खेपेच्या प्लेट जमल्या. काही गाळ आधी ८० अंशांवर दहा मिनिटं तापवून घेतला होता, म्हणजे साधे जीव मरतात आणि बीजाणू (कठीण काळ काढणारी टणक, सुप्त अवस्था) करणारे उरतात. प्लेट प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ३७ अंशांवर ठेवल्या. उघड्या ठेवल्या तर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पीएच उतरवतो.

आज कॉलन्या, म्हणजे वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके, दिसल्या. सतरा नंबरची मला पहिल्यापासून आवडली. का, ते सांगता येणार नाही. सायीच्या रंगाची, चपटी, कडा झालरीसारखी पसरलेली. दुसऱ्या ठिकाणच्या दुसऱ्या नळीतली सतरावी, म्हणून तिचं नाव लो-२-१७.

तिसावा दिवस

तीन आठवडे एकच काम: एक कॉलनी उचल, नव्या प्लेटवर रेघा ओढ, वाट बघ, पुन्हा एक उचल. एकाच जीवाची संतती आहे याची खात्री होईपर्यंत. ग्रॅम रंजन (जीवाणू ओळखण्यासाठी रंगवण्याची पद्धत) केलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या काड्या, काहींच्या पोटात रंग न घेतलेला लांबट मोती. बीजाणू. माझी बोटंही तीन दिवस जांभळी. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, मेंदी उलटली का.

साध्या सातच्या आगरवर लो-२-१७ वाढली नाही. दहावर झकास. म्हणजे खरी क्षारप्रेमी.

एकोणपन्नासावा दिवस

डीएनएच्या ज्या तुकड्यावरून जीवाणूची पहिली ओळख पटते तो १६एस जनुक साधारण दीड हजार अक्षरांचा. हे जनुक प्रत्येक जीवाणूत असतं आणि फार सावकाश बदलतं. दोन जीवाणूंच्या या तुकड्यात ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी साम्य असेल, तर ते बहुधा वेगळ्या प्रजातींचे.

सिक्वेन्सिंगचा पहिला निकाल आला. जवळच्यात जवळच्या नातेवाइकाशी साम्य ९८.१.

मी पेढे आणले. सरांनी एक उचलला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं वाचलंस का?" वाचलं नव्हतं. एकाच प्राइमरने, म्हणजे एकाच टोकाकडून, वाचलेला तुकडा होता, सातशे अक्षरांचा. त्याच्या शेवटी यंत्राच्या आलेखातले उंचवटे एकमेकांत घुसलेले. तिथे यंत्राने जे वाटलं ते लिहिलं होतं. मी आलेखापर्यंत न जाता थेट टक्के बघितले होते.

सत्तावन्नावा दिवस

दोन्ही बाजूंनी वाचून, एकेक अक्षर आलेखाशी ताडून बघितलं. ९९.४ टक्के. नातेवाईक: 'बॅसिलस बोगोरिएन्सिस', केनियातल्या बोगोरिया या सोडा सरोवरातून काढून २००५ मध्ये वर्णन केलेला. पेढे ज्युनिअरने संपवले.

तरी आशा होती, आणि ती वेडी नव्हती. १६एस अगदी सारखा असूनही प्रजाती वेगळ्या, अशी उदाहरणं आहेत. ९८.७ च्या खाली असाल तर बहुधा नवे. वर असाल तर अजून काहीच ठरलेलं नाही. पुढचं न्यायालय म्हणजे संपूर्ण जीनोम, जीवाणूचा सगळाच्या सगळा डीएनए. दोघांचे जीनोम समोरासमोर ठेवून जुळणाऱ्या भागांतलं सरासरी साम्य काढायचं. ते ९५-९६ टक्क्यांच्या खाली आलं तर प्रजाती वेगळी.

जीनोमचे पैसे मंजूर होईपर्यंत पावसाळा लागला. मधल्या काळात मी बारशाची तयारी करत बसले होते. काय काय लागतं, तर पेशीभिंतीतली मेदाम्लं, श्वसनसाखळीतली क्विनोनं, कोणत्या साखरा खाते, किती मिठात जगते, किती तापमानाला मरते. मग नमुनाप्रत दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करायची, म्हणजे कुणालाही मागवून तपासता येईल. आपल्याकडे त्याआधी २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे कागद. आणि शेवटी नाव, लॅटिन व्याकरणात बसणारं, १ जानेवारी १९८० पासून मान्य धरलेल्या नावांच्या यादीत कुठेही नसलेलं. आजोळचं गाव यादीत नव्हतं. मी बघून ठेवलं होतं.

दोनशे चौऱ्याहत्तरावा दिवस

जीनोम आला. सरासरी साम्य सत्याण्णवच्या पुढे. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "चहा?"

म्हणजे लो-२-१७ केनियातल्याच घरची. हजारो किलोमीटर अंतर, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोन्हीकडे तोच सोडा, तेच ऊन, तोच जीव. खरं तर ही गोष्ट नव्या नावापेक्षा जास्त विचार करायला लावणारी आहे. पण हे मला आत्ता म्हणता येतंय. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून होस्टेलवर गेले आणि भर दुपारी झोपले.

त्यानंतर

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं. लॅब बंद, सगळे घरी, आणि व्हॉट्सॲपवर एकच फोटो पन्नास लोकांकडून. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. हे दिसायला जीवाणूसारखे, पण जीवाणू नव्हेतच, सजीवांच्या वंशावळीतली स्वतंत्र शाखा. बातम्यांमध्ये त्यांना सर्रास बॅक्टेरिया म्हटलं जात होतं आणि मी एकटी घरात टीव्हीशी भांडत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं पाणथळ.

आणि २०२१ मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राच्या गटाचा पेपर आला. लोणारच्या गाळातूनच काढलेला जीवाणू, लांबुडक्या काडीसारखा, बीजाणू करणारा, पीएच १० आणि ३७ अंशांवर उत्तम वाढणारा. आणि नवा. नाव 'अल्कलीहॅलोबॅक्टेरियम एलाँगेटम'. हेवा वाटला, हे लपवत नाही. मी ज्या गाळात गुडघाभर उभी होते त्याच तळ्यात तो कुठेतरी होता, कदाचित माझ्याच एखाद्या नळीत, मी न उचललेल्या सोळा किंवा अठरा नंबरच्या कॉलनीत.

पेपर पुढे वाचला. त्यांनी फक्त एका जीवाणूचं बारसं केलं नव्हतं, अख्खी भाऊबंदकी नव्याने वाटून सात नव्या जाती केल्या होत्या. त्यात माझी केनियावालीही सापडली. २००५ मध्ये तिचं आडनाव 'बॅसिलस' होतं. २०२० मध्ये ती मोठी जात फोडली, तेव्हा ती 'अल्कलीहॅलोबॅसिलस' झाली. आता तिला लोणारच्या या नव्या जीवाणूच्या घरात आणून बसवलं होतं: 'अल्कलीहॅलोबॅक्टेरियम बोगोरिएन्स'. घराचं लिंग बदललं म्हणून 'एन्सिस'चं 'एन्स' झालं. लॅटिन इथेही पाठ सोडत नाही.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये लो-२-१७ च्या चार नळ्या आहेत. मागच्या महिन्यात बर्फ खरवडताना त्या हाती लागल्या. पहिल्या नळीवर मी २०१९ च्या फेब्रुवारीत, पेढ्यांच्या दिवशी, आजोळच्या गावाचं नाव लिहिलं होतं, पेन्सिलने. त्यावर काट. मग बॅसिलस, त्यावर काट. मग दुसरं, त्यावरही काट. तिसऱ्यासाठी लेबलावर जागा उरली नव्हती. नवं लेबल कापलं, त्यावर फक्त 'लो-२-१७, गाळ, लोणार, १२.१.२०१९' एवढं लिहिलं, आणि बोटं बधिर व्हायच्या आत झाकण लावलं.